दवाखान्याचा कॉम्प्युटर बंद पडला तर?

रुग्णांच्या नोंदींच्या बॅकअपला किती जागा लागेल, याचा हिशेब कागद-पेनाने करता येतो. तो केला नाही, तर नेमक्या गरजेच्या दिवशी बॅकअप अर्धवट निघतो.

"मागचे कागद आणले का?" हा दवाखान्यातला पहिला प्रश्न. पूर्वी त्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून घड्या पडलेला केसपेपर, एक्स-रेचा मोठा लिफाफा आणि रक्त-लघवीच्या रिपोर्टांची चळत बाहेर निघायची. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रससारख्या तालुक्याच्या गावातही हे उत्तर बदलू लागले आहे. "ते सगळं तुमच्या कॉम्प्युटरमध्येच आहे न, डॉक्टरसाहेब," असे खेड्यावरून आलेला रुग्ण निर्धास्तपणे सांगतो आणि मोकळ्या हाताने खुर्चीवर बसतो.

हा सगळा भरवसा काउंटरखालच्या एका हार्ड डिस्कवर असतो. डिस्क ही यंत्राची वस्तू आहे, ती कधी ना कधी बिघडते. वीज वारंवार जाते-येते, व्होल्टेज खाली-वर होते, पावसाळ्यात ओल येते. बिघाड झाला तर काय, असे विचारले की बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, "बॅकअप आहे." पण तो किती दिवस मागचा आहे, कुठे ठेवला आहे आणि त्याला जागा पुरते का, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्यातला जागेचा प्रश्न सर्वांत कंटाळवाणा वाटतो. पण बॅकअप फसण्याची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

एम्समध्ये काय वाचले?

२३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी दिल्लीतल्या एम्स या देशातल्या सर्वांत नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाची संगणक यंत्रणा ठप्प झाली. खंडणीखोर सॉफ्टवेअरने, म्हणजे रॅन्समवेअरने, सर्व्हरमधल्या फायलींना कुलूप लावले होते. नोंदणी, भरती, डिस्चार्ज, तपासण्यांचे रिपोर्ट ही कामे पुन्हा कागदावर आली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ५ सर्व्हरना फटका बसला आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली.

त्यानंतर काय झाले, हे तेव्हाच्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री आणि दिंडोरीच्या खासदार भारती पवार यांनी लोकसभेत लेखी उत्तरात सांगितले. एका बॅकअप सर्व्हरला हल्ल्याची झळ पोहोचली नव्हती. 'ई-हॉस्पिटल'ची सगळी माहिती त्यावरून परत मिळवून नव्या सर्व्हरवर चढवण्यात आली. दोन आठवड्यांनी नोंदणी, भरती, डिस्चार्ज अशी बहुतेक कामे पूर्ववत झाली.

यातला १.३ टेराबाइट हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज बाजारात मिळणारी २ टेराबाइटची हार्ड डिस्क शर्टाच्या खिशात मावते आणि तिची किंमत काही हजार रुपये असते. अडचण जागा महाग असण्याची नव्हे. ती योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि पुरेशी राखून ठेवलेली आहे का, हा खरा प्रश्न आहे.

'आभा' आहे, मग काळजी कशाला?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि अनेकांनी १४ अंकी 'आभा' क्रमांक काढला. त्यामुळे आपले सगळे रिपोर्ट दिल्लीत कुठेतरी सुरक्षित जमा होतात, असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. या योजनेची रचनाच विखुरलेली आहे. आभा क्रमांक नोंदी एकमेकींना जोडतो, रुग्णाच्या संमतीने त्या एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे पोहोचवतो. मूळ नोंद मात्र ज्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये तयार झाली, तिथेच राहते. तिथली डिस्क गेली आणि बॅकअप नसला, तर आभा क्रमांक असूनही मूळ नोंद हाती लागत नाही.

या नोंदींचे मोल यवतमाळ जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचा जीव गेला. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, भरपाईचे प्रश्न उभे राहिले. अशा वेळी कोण कोणत्या दिवशी दाखल झाला, कोणती लक्षणे होती, कोणते औषध फवारल्याचे त्याने सांगितले, हे पुढे दवाखान्याच्या नोंदीवरूनच दाखवावे लागते. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचेही तसेच. लहानपणी केलेल्या तपासणीचा निकाल लग्नाच्या वेळी, गरोदरपणात, रक्त चढवताना पुन्हा पुन्हा लागतो.

हिशेबाची सुरुवात: एका दिवसात काय साठते?

दिग्रसमधला मध्यम आकाराचा एखादा दवाखाना कल्पनेने डोळ्यांसमोर आणता येईल. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येक दवाखान्याने त्या जागी आपले घालायचे. रोज १२० रुग्ण, ४० रक्त-लघवी तपासण्या, १५ डिजिटल एक्स-रे, १० सोनोग्राफी. वर्षाचे कामाचे दिवस ३००.

पहिली रास मजकुराची. नाव, वय, तक्रार, रक्तदाब, औषधे, बिल असे सगळे मिळून एका भेटीला २० किलोबाइट धरले, तर वर्षाच्या ३६,००० भेटींचे ७२० मेगाबाइट होतात. म्हणजे पाच वर्षांचा डेटाबेस, त्यातल्या शोधसूच्या धरून, जेमतेम ४ गिगाबाइटचा. अख्ख्या दवाखान्याचा पाच वर्षांचा लिखित इतिहास साध्या पेनड्राइव्हवर मावतो.

दुसरी रास चित्रांची. छातीच्या डिजिटल एक्स-रेत साधारण २,००० गुणिले २,५०० बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला २ बाइट लागतात. गुणाकार केला की एक फिल्म १० मेगाबाइटची ठरते. १५ फिल्म रोज, म्हणजे वर्षाला ४५ गिगाबाइट. एका सोनोग्राफीची १२ चित्रे, प्रत्येकी सुमारे १ मेगाबाइट, म्हणजे वर्षाला ३६ गिगाबाइट. लॅबचे पीडीएफ रिपोर्ट प्रत्येकी १५० किलोबाइटचे धरले, तर वर्षाला १.८ गिगाबाइट. तिन्ही मिळून वर्षाकाठी सुमारे ८३ गिगाबाइट आणि पाच वर्षांत ४१५.

एवढ्यावरून एक गोष्ट दिसते. जागा खातात ती चित्रे, पण दवाखाना चालतो मजकुरावर. या दोन राशींचा स्वभाव वेगळा आहे, म्हणून त्यांचा बॅकअपही वेगळा घ्यावा लागतो.

आजोबा, वडील आणि मुलगा

डेटाबेस रोज बदलतो. त्यातली चूक मात्र त्याच दिवशी लक्षात येईलच असे नाही. एखाद्या रुग्णाची नोंद चुकून पुसली गेली, हे तो तीन महिन्यांनी तपासणीला आला की कळते. तेव्हा कालची प्रत कामाची नाही, कारण तिच्यातूनही ती नोंद गेलेली असते. म्हणून मागच्या अनेक तारखांच्या प्रती लागतात. संगणकाच्या जगात यासाठी जुनी पद्धत आहे, तिला आजोबा-वडील-मुलगा असेच नाव आहे. रोजच्या ७ प्रती हे मुलगे, आठवड्याच्या ४ हे वडील आणि महिन्याच्या १२ हे आजोबा. एकूण २३.

डेटाबेसची प्रत दाबून लहान करता येते. मजकुरात तेच ते शब्द फार येत असल्याने तो चांगला दाबला जातो. ४ गिगाबाइटचा डेटाबेस चौथाईवर आला असे धरले, तर एक प्रत १ गिगाबाइटची आणि २३ प्रती २३ गिगाबाइटच्या होतात. हे प्रमाण अंदाजाने धरण्यापेक्षा एक बॅकअप घेऊन फाइलचा आकार पाहणे केव्हाही चांगले.

चित्रांचे तसे नाही. काढलेला एक्स-रे नंतर बदलत नाही आणि दाबलेल्या स्वरूपात साठवलेले चित्र पुन्हा फारसे दबतही नाही. म्हणून चित्राची प्रत एकदाच करायची आणि पुढे रोज फक्त नवीन चित्रांची भर घालायची. या हिशेबाने आज लागणारी जागा ४१५ अधिक २३, म्हणजे ४३८ गिगाबाइट.

हा फरक केला नाही तर काय होते? डेटाबेस आणि चित्रे मिळून ४१९ गिगाबाइटच्या अख्ख्या फोल्डरच्या २३ प्रती ठेवायच्या म्हटल्या, तर साडेनऊ टेराबाइटहून जास्त जागा लागते. म्हणजे जवळपास बावीसपट. हा आकडा पाहून दवाखान्याचा मालक हात टेकतो आणि "सध्या राहू द्या" म्हणतो. चुकीच्या हिशेबाने बॅकअप परवडत नाही असे वाटू लागते आणि शेवटी तो घेतलाच जात नाही.

हे फक्त लहान गावात घडते असेही नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली जिथे ठेवल्या जात, ते 'जी-ड्राइव्ह' त्यात जळाले. ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. साठा फार मोठा आणि यंत्रणा संथ असल्यामुळे बाहेर बॅकअप ठेवला नव्हता, असे कारण अधिकाऱ्यांनी दिले. इंटरनेटच्या वेगासाठी जगभर नावाजलेल्या देशातली ही गोष्ट आहे.

आजचा नव्हे, तीन वर्षांनंतरचा आकडा

डिस्क घेताना पाहायचा आकडा आजचा नसतो, ती डिस्क बदलेपर्यंतचा असतो. वरच्या दवाखान्यात तीन वर्षांनी चित्रे ६६४ गिगाबाइट होतील. डेटाबेस ६ गिगाबाइटवर जाईल, त्याच्या २३ प्रतींना ३५ गिगाबाइट लागतील. बेरीज सुमारे ७०० गिगाबाइट.

यावर किमान ३० टक्के जागा मोकळी हवी. जुनी प्रत पुसण्याआधी नवी पूर्ण लिहून व्हावी लागते, तेवढा वेळ दोन्ही डिस्कवर असतात. साथीच्या दिवसांत रुग्ण वाढतात. नवे यंत्र येते. मोकळी जागा धरून आकडा ९१० गिगाबाइटवर जातो.

मग १ टेराबाइटची डिस्क पुरेल का? इथे आणखी एक गंमत आहे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, तर बरेच संगणक १,०२४ च्या पटीत. त्यामुळे १ टेराबाइट छापलेली डिस्क संगणकाला जोडली की ९३१ गिगाबाइट दाखवते. ९१० आणि ९३१ मध्ये श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. या दवाखान्याने २ टेराबाइटचीच घ्यायला हवी.

दवाखान्यात सीटी स्कॅन येणार असेल, तर हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो. सीटीचा एक काप ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा, म्हणजे अर्ध्या मेगाबाइटचा असतो. ५०० कापांचा एक स्कॅन २५० मेगाबाइट घेतो. रोज १० स्कॅन झाले, तर एका वर्षात ७५० गिगाबाइट. एक यंत्र आले की पाच वर्षांचा साठा वर्षभरात मागे पडतो.

जागा कमी पडली, तर संगणक आरडाओरडा करत नाही. रात्री दोनला बॅकअप सुरू होतो, डिस्क भरते, काम अर्धवट थांबते. एखादी सूचना पडद्यावर येते आणि सकाळी कोणीतरी ती न वाचता बंद करते. महिने असेच जातात. म्हणून बॅकअपच्या फाइलचा आकार आठवड्यातून एकदा वहीत लिहून ठेवण्याचा साधा उपाय फार उपयोगी पडतो. आकार हळूहळू वाढत असेल तर ठीक. तो अचानक शून्यावर आला किंवा निम्मा झाला, तर त्याच दिवशी कळते.

पूर, कुलूप आणि एसटी

जागा किती, यानंतरचा प्रश्न जागा कुठे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी ३-२-१ हे सूत्र रूढ केले. माहितीच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली १ दुसऱ्या ठिकाणी.

दुसरे ठिकाण का, हे दिग्रसकरांना चटकन पटेल. जुलै २००५ मध्ये धावंडा नदीच्या पुराने शहरात हाहाकार उडवला होता. पाणी घरात शिरते तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क एकदमच बुडते. एक प्रत पुसदला, यवतमाळला किंवा इंटरनेटवरच्या क्लाउडमध्ये असली, तर ती वाचते.

रॅन्समवेअरचा धोका वेगळा. ते कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक डिस्कला कुलूप लावते. सतत जोडून ठेवलेला बॅकअपही त्याच फटक्यात जातो. त्यामुळे दोन डिस्क आलटून पालटून वापरणे आणि एक नेहमी काढून कपाटात ठेवणे हा स्वस्त विमा आहे. रुग्णाची माहिती खासगी असल्याने प्रत्येक प्रतीला पासवर्डचे कुलूप हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती ठेवणाऱ्यावर टाकली आहे. मात्र तो पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये.

क्लाउडवर पाठवायचे, तर इंटरनेटच्या वेगाचाही हिशेब हवा. अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर ४१५ गिगाबाइट चढवायला सलग ९२ तास लागतात, म्हणजे जवळजवळ चार दिवस. मधे वीज गेली की आणखी. पण रोजची भर पाहिली, तर नवी चित्रे आणि डेटाबेसची प्रत मिळून १.३ गिगाबाइटच होते. ती १७-१८ मिनिटांत जाते. म्हणून पहिली मोठी प्रत कुलूपबंद डिस्कवर भरून एसटीने यवतमाळला नेणे आणि पुढची रोजची भर इंटरनेटने पाठवणे, हा अडाणीपणा मुळीच नाही. मोठ्या क्लाउड कंपन्याही प्रचंड साठा हलवायचा असेल तेव्हा ग्राहकाकडे डिस्कची पेटीच पाठवतात.

परत आणता येतो का?

गिटलॅब ही जगभरातल्या प्रोग्रामरना सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग होते. पाहिले, तर एकही धडपणे चालत नव्हता. रोजच्या प्रती जिथे जमा व्हायच्या, ती जागाच रिकामी निघाली. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्याने बॅकअप होत नव्हता आणि तशी सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने हे सगळे लपवून न ठेवता जाहीर केले, म्हणून इतरांना शिकता आले.

यातून घ्यायचा धडा असा की बॅकअपची परीक्षा तो घेताना होत नाही, तो परत चढवताना होते. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर जुनी प्रत चढवून पाहावी. एखाद्या रुग्णाचे नाव टाकून त्याचा केसपेपर उघडतो का, एक्स-रे दिसतो का, किती वेळ लागला, हे लिहून ठेवावे. त्यासाठी दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेवढी मोकळी जागा लागते. हिशेबात ती हमखास विसरली जाते.

नोंदी किती वर्षे ठेवायच्या, यालाही नियम आहेत. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती झालेल्या रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षे ठेवायच्या आहेत आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या आहेत. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालच्या सोनोग्राफीच्या नोंदी किमान २ वर्षे जपायच्या आहेत. प्रकरण कोर्टात असेल, तर निकाल लागेपर्यंत. डिस्क भरली म्हणून जुने पुसून टाकण्याआधी ही मुदत पाहावी लागते.

रुग्णानेही थोडे करावे. महत्त्वाच्या रिपोर्टची एक प्रत मागून घ्यावी, मोबाइलमध्ये फोटो ठेवावा आणि तो फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही असू द्यावा. डिस्चार्ज कार्डाची पिशवी फेकून देण्याची वेळ अजून आलेली नाही. दवाखान्यांसाठी हे काम एका दुपारचे आहे. रोज किती साठते, किती प्रती ठेवायच्या, तीन वर्षांनी किती होईल आणि एक प्रत गावाबाहेर कुठे राहील, हे चार आकडे-उत्तरे कागदावर लिहून काउंटरच्या मागे चिकटवायची. पुढच्या वेळी एखादा रुग्ण "सगळं कॉम्प्युटरमध्येच आहे न" म्हणेल, तेव्हा त्याला खात्रीने हो म्हणता येईल.